मेन लाइनमधली आपली गाडी कशी वाचवावी

भाऊ, तुमच्या कानावर आलंच असेल. नगर परिषदेच्या सभेत कोण्यातरी नव्या दमाच्या सदस्यानं म्हणे विषय काढला, की गांधी चौक ते गुजरी हा मेन लाइनचा, म्हणजे मुख्य बाजाराचा रस्ता दिवसा चारचाकीला बंद करावा. कोणी हसलं, कोणी चहा मागवला, आणि विषय पुढील सभेवर गेला. तुम्ही मात्र हसू नका. पुढील सभेवर ढकललेले विषय कधीकधी खरंच पुढील सभेत येतात. गाव मोर्शी असो की दिग्रस, आर्वी असो की उमरेड, मेन लाइन सगळीकडे सारखीच आणि तिच्यात उभी असलेली तुमची पांढरी गाडीही सारखीच.

ही गाडी सकाळी शटर उघडताना लागते आणि रात्री शटर ओढल्यावर निघते. दिवसभर तिच्याआड दुकानाचा अर्धा बोर्ड झाकलेला असतो, आणि तुम्ही गल्ल्यावर बसून आल्यागेल्याला सांगता, की पार्किंगच नाही म्हणून गिऱ्हाईक नागपूर-अमरावतीच्या मॉलला चाललं. या दोन गोष्टी कोणी एकाच दमात बोलणार नाही, एवढं सांभाळा. बाकी लढाई सोपी आहे, आणि ती कशी जिंकायची ते पुढं सांगतो.

पहिलं पथ्य हे, की गाडीबद्दल बोलायचं नाही. पेशंटबद्दल बोलायचं. "उद्या कोणाला अटॅक आला तर?" हा प्रश्न उभं राहून, आवाज थोडा खाली आणून विचारावा. सभागृह गप्प होतं. आज गुरुवारी दुपारी बारा वाजता १०८ ला फोन केला तर ती अँब्युलन्स मेन लाइनमध्ये कितीशी शिरते, हे कोणी विचारणार नाही याची व्यवस्था करा. सराफा लाइनच्या वळणावर दोन बाजूंना लागलेल्या गाड्यांमधून ती येतच नाही, पेशंटलाच दोघं जण उचलून चौकापर्यंत नेतात. जगात जिथं असे रस्ते गाड्यांना बंद केले तिथं बहुतेक ठिकाणी अँब्युलन्स, अग्निशमन, अपंगांची वाहनं यांना मोकळीक असते, आणि रस्ता रिकामा असल्यानं ती सुसाट जातात. ही माहिती सभागृहात पोचली तर तुमच्या पेशंटचा काही उपयोग उरत नाही.

पेशंट संपला की कास्तकार काढा. विदर्भात कास्तकाराचं नाव घेतलं की माणूस विरोध करायच्या आधी डोकं खाजवतो. "आमचा शेतकरी सरकीचं पोतं डोक्यावर घेऊन जाईल का हो?" असं म्हणा. कास्तकाराचा कापूस जिनिंगवर आणि बाजार समितीत जातो, आणि या दोन्ही जागा गावाबाहेर आहेत, हे म्हणू नका. बी-बियाणं आणि खताचं चुंगडं तो फटफटीवर पुढं ठेवून नेतो, हेही नको. मेन लाइनमध्ये तो येतो ते लेकीच्या लग्नाची साडी घ्यायला, मोबाइलची काच बदलायला आणि कृषी केंद्राची उधारी किती झाली ते ऐकायला. येतो एसटीनं किंवा काळी-पिवळीत कोंबून. उतरतो इस्टँडवर. तिथून चालतो. पण चालणाऱ्या कास्तकाराचा फोटो निवेदनाला जोडला तर निवेदन त्याच्याच बाजूनं जाईल, म्हणून फोटो नको.

बायांचं तर नावच काढू नका. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्याच्या आधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी कोणत्या गाडीतून कोण उतरतं ते पाहिलंय का? लुगडं खोचून, पिशव्या सांभाळत, एकमेकींना हाका मारत येणारी ही गर्दी भांड्यांच्या दुकानापासून बांगड्यांच्या दुकानापर्यंत सगळा माल उचलते, आणि दोन गाड्यांच्या आरशांमधून आडवी होऊन पुढं सरकते. तुमचा धंदा यांच्यावर चालतो. तुमचं भाषण मात्र चारचाकीतून उतरणाऱ्या गिऱ्हाइकावर चाललं पाहिजे.

इथं एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. कोणीतरी म्हणेल, चला मोजू या. चौकातल्या पानठेल्यावर कॉलेजचे चार पोट्टे बसवू आणि कोण कसं येतं ते लिहू. हे होऊ देऊ नका! मोजणीत आपण हरतो, हे ठरलेलं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली दुकानदारांना विचारलं होतं, की तुमचं किती गिऱ्हाईक गाडीनं येतं. ते म्हणाले ४१ टक्के. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तर निघाले २२. आणि ते ब्रिस्टल आहे, जिथं घरोघरी गाडी. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत शंभरातल्या पाच घरांकडेही चारचाकी नव्हती. नेमका आकडा ४.७ टक्के. सायकल मात्र ४५ घरांकडे होती. नंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, चारचाकीवाली घरं साडेसात टक्क्यांवर आली. म्हणजे शंभरातल्या साडेब्याण्णव घरांनी आपल्याला रस्ता दिला आहे, आणि तोही न विचारता. एवढ्या मोठ्या मनाच्या लोकांना कागद-पेन्सिल देऊन शहाणं करायचं कशाला?

आता परदेश. समोरचा माणूस परदेशाची उदाहरणं आणणारच, त्याची तयारी हवी. तो स्पेनमधल्या पोन्तेवेद्राचं नाव घेईल. १९९९ साली तिथं मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस नावाचा डॉक्टर महापौर झाला आणि त्यानं शहराच्या मध्यातून गाड्या बाहेर काढायला सुरुवात केली. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत ज्या रस्त्यांवर अपघातात ३० माणसं मेली होती, त्यावर पुढच्या दहा वर्षांत तिघं मेली. आणि हा गृहस्थ निवडणुकीत पडला नाही, पुन्हा पुन्हा निवडून येत राहिला. ही शेवटची गोष्ट नगरसेवकांसमोर चुकूनही बोलू देऊ नका, कारण त्यांना बाकी काही कळलं नाही तरी ही कळते. त्या गावाची लोकसंख्या ऐंशी-पंच्याऐंशी हजार, म्हणजे आपल्या पुसदपेक्षा थोडं मोठं, अचलपूरपेक्षा लहान. तिथं त्यांनी रेल्वेच्या नकाशासारखा चालण्याचा नकाशा छापला: या चौकातून त्या चौकात किती मिनिटं. आपल्याकडे असा नकाशा काढला तर इस्टँड ते गुजरी दहा-बारा मिनिटं निघतील आणि गाडी लावायला जागा शोधण्याचा वेळ त्याहून जास्त. म्हणून नकाशाही नको.

या सगळ्याला एकच उत्तर आहे: "तिकडचं इकडं चालत नाही बाप्पा." हे म्हणताना खुर्चीत मागं रेलावं. मग ऊन काढावं. नवतपा लागला की आपल्याकडे पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला टेकतो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे त्याच्याही वर जातो, अशात माणूस चालेल कसा? बिनतोड मुद्दा आहे. फक्त डेन्मार्कवाल्यांशी गाठ पडू देऊ नका. १९६२ साली कोपनहेगनमध्ये स्ट्रॉइयट हा मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथंही लोक म्हणत होते, की आपल्या थंडीपावसात रस्त्यावर कोण फिरणार, ही इटलीवाल्यांची कामं. आता तो रस्ता माणसांनी भरलेला असतो. म्हणजे तिकडे थंडीत चालवत नाही, इकडे उन्हात चालवत नाही. माणसाला चालायला नेमकं किती अंश तापमान लागतं, हे कोणत्याच व्यापारी मंडळानं अजून ठरवलेलं नाही.

उन्हाचा मुद्दा पक्का करायचा तर एक काम आधीच करून ठेवायचं असतं. रस्ता रुंदीकरणात दोन्ही बाजूंचे कडुलिंब पाडायचे. आपल्या बहुतेक गावांनी ते वेळेवर केलं आहे, त्याबद्दल पूर्वजांचं कौतुक. मग त्यावर सिमेंटचा रस्ता ओतायचा, जो दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत पाय भाजत राहतो. सावली गेली, की सावली नाही म्हणून चालता येत नाही. चालता येत नाही म्हणून गाडी लागते. गाडी लागते म्हणून रस्ता आणखी रुंद करावा लागतो. आणि उरलेला एक लिंब आडवा येतो. या कामात घाई करू नये, एकेक झाड घ्यावं.

काही ठिकाणी नुसत्या युक्तिवादानं भागत नाही, तिथं अफवा लागते. यातही परदेशाचा आधार आहे, घाबरू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडातल्या ऑक्सफर्डमध्ये लोक मोर्चा घेऊन आले, कारण त्यांना वाटलं, की काही रस्त्यांवर गाड्यांना ठरावीक वेळी मज्जाव म्हणजे सरकार आपल्याला आपापल्या मोहल्ल्यात कोंडणार आहे. जिथं जगातलं इतकं जुनं विद्यापीठ आहे तिथं हे खपलं, तर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर का खपू नये? "आज चारचाकी, उद्या फटफटी, परवा बैलबंडी" एवढं पुरे. खाली "जास्तीत जास्त शेअर करा" लिहायला विसरू नका.

तुमच्या वाटेतला सगळ्यात मोठा काटा मात्र परदेशात नाही, तो दर आठवड्याला तुमच्याच दारात उगवतो. आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मेन लाइनमध्ये चारचाकी शिरत नाही. बोर्ड नाही, बॅरिकेड नाही, शिपाई नाही, कोणाचा ठराव नाही. मिरच्यांचे ढीग, लसणाच्या जुड्या, वांग्यांवर पाणी मारणाऱ्या बाया, दोरखंड-विळे-खुरपी मांडलेला लोहार, चाळीस वर्षांपासून त्याच कोपऱ्यात बसणारा खारे दाणेवाला, आणि यांच्यामधून वाट काढणारं अख्खं पंचक्रोशीचं माणूस. त्या दिवशी गावात कोणी उपाशी मरत नाही, उलट तुमच्या दुकानात हप्त्यातली सगळ्यात मोठी विक्री त्याच दिवशी असते. गाडी त्या दिवशी तुम्ही स्वतःच घरी ठेवता आणि लुना काढता किंवा पायी येता. ही गोष्ट जगजाहीर आहे, आणि तिच्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

ते जाऊ नये म्हणून बाजाराला बाजार म्हणू नका. अतिक्रमण म्हणा. बोरी अंथरून बसणाऱ्या चार-पाच बाया एका गाडीच्या जागेत मावतात आणि त्या जागेवर पाच घरांच्या चुली पेटतात. तुमची गाडी त्या जागेत फक्त उभी असते. तरी अतिक्रमण बायांचं आणि हक्क गाडीचा, हे लोकांच्या मनात इतकं पक्कं बसलं आहे, की मला तर कधीकधी तुमच्या यशाचं आश्चर्य वाटतं. २०१४ साली केंद्रानं पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात विक्रेत्यांची पाहणी करा, त्यांना जागा द्या, समितीत किमान ४० टक्के माणसं त्यांच्यातलीच घ्या असं बरंच काही आहे. समिती कागदावर असू द्या. बैठकीची तारीख ठरली, की त्याच तारखेला अतिक्रमण हटाव मोहीम ठेवा. दोन्ही कामं एका दिवसात होतात.

बाजार सोडला तरी रस्ता काय कमी वेळा बंद होतो? पोळ्याला चौकात बैलं तोरणाखाली उभी राहतात, गणपती विसर्जनाला, १४ एप्रिलला, रामनवमीला, साहेबांच्या सभेला मेन लाइन बंद असते आणि तुम्ही स्वतः दुकानासमोर पाण्याचा नाहीतर मठ्ठ्याचा स्टॉल लावता. पेशंट त्या दिवशी कुठं जातो? ऊन त्या दिवशी कुठं जातं? कोणी विचारलंच तर सांगा, की ती परंपरा आहे. पालखी शेगावहून पंढरपूरपर्यंत पायी जाते, दिवसचे दिवस, आणि आपण वाटेवर उभं राहून पाया पडतो. तिथं चालणं भक्ती. मेन लाइनमध्ये चालणं म्हणजे मात्र ज्याच्याजवळ गाडी घ्यायला पैसे नाहीत असा माणूस. माथेरानचंही असंच. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढं बॅग उचलून चालावं लागतं, आणि चालून आल्यावर आपणच घरी सांगतो, "काय शांत जागा आहे भाऊ, हॉर्न नाही की धूर नाही." ही शांतता वर्षातून दोन दिवस, हॉटेलचे पैसे भरून घ्यायची असते. फुकटात, रोज, स्वतःच्या गावात घेतली तर तिची किंमत राहत नाही.

शाळा सुटायच्या वेळी थोडं जपून. मानव विकासच्या योजनेतून मागास तालुक्यांतल्या पोरींना शाळेत यायला सायकली मिळाल्या, त्या संध्याकाळी रांगेनं मेन लाइनमधून जातात. गाडीचं दार न पाहता उघडण्याची तुमची सवय आहे. कधी कोणी पडली, तर आधी "नीट पाहून चालव ना बाई" असं मोठ्यानं म्हणावं. जो आधी ओरडतो त्याची चूक नसते, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे.

समजा, एवढं सगळं करूनही ठराव आलाच. तरी हरकत नाही. आधी अधिकाराचा मुद्दा काढा. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमात एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालता येते, पण ती नगर परिषद घालणार, की पोलीस, की जिल्हाधिकारी? नगर परिषद पोलिसांना पत्र लिहील, पोलीस जिल्हाधिकाऱ्यांना, आणि जिल्हाधिकारी पुन्हा नगर परिषदेचाच अभिप्राय मागवतील. दिवाळी निघून जाते.

दिवाळीनंतर सूट मागा. डॉक्टरांना सूट हवीच. मग वकिलांना. मग पत्रकारांना. मग "महाराष्ट्र शासन" लिहिलेल्यांना, मग ज्यांच्या मेहुण्याच्या गाडीवर "महाराष्ट्र शासन" लिहिलं आहे त्यांना. आजी-माजी सदस्यांना, भावी सदस्यांना, पोलिसपाटलांना, बँकेच्या संचालकांना. एवढ्यांना सूट मिळाली, की मेन लाइनमध्ये गाडी न आणू शकणारा माणूस गावात उरत नाही आणि बंदी शंभर टक्के यशस्वी होते.

मालाच्या चढउताराचा प्रश्न खरा आहे, हे मी तुमच्या बाजूनं असूनही सांगतो. किराणावाल्याचा टेम्पो कुठून येणार? म्हाताऱ्या माणसानं सराफ्यापर्यंत कसं यावं? पण या प्रश्नांची उत्तरं इतकी साधी आहेत, की ते फार लावून धरू नका. दिल्लीत चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, माल रात्री येतो. म्हाताऱ्यांसाठी दोन-चार ई-रिक्षा पुरतात. उत्तर मिळालं की प्रश्न मरतो, आणि आपल्याला प्रश्न जिवंत हवा आहे. चांदणी चौकातून घ्यायचीच तर दुसरी गोष्ट घ्या: बंदी असूनही तिथं फटफट्या आणि रिक्षा हळूहळू कशा आत शिरल्या, ती. मोठं शहर आपल्याला काहीतरी शिकवतंच.

पुण्याचीही एक युक्ती आहे. तिथं लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात एक दिवस पादचारी दिन पाळतात. रस्त्यावर रांगोळ्या, खेळ, फोटो, दुसऱ्या दिवशी गाड्या. तुम्हीही मागं सरल्यासारखं करून असा एक दिवस देऊन टाका. तो कोणता, हे मात्र तुम्ही ठरवा. मे महिन्याचा शेवटचा आठवडा उत्तम. गाड्या लावायची जागा दोन किलोमीटरवर, बाभळीशिवाय एक झाड नसलेल्या मैदानात द्या. पाण्याची टाकी लावा, पण भरू नका. त्या दिवशी दुकानं दुपारी बंद ठेवा, आणि संध्याकाळी स्थानिक चॅनेलला सांगा, "पाहा, मार्केट कसं सुनं पडलं."

एवढं केलं की विषय मिटतो. मग चौकात बॅनर लावा, आभाराचा, सगळ्यांच्या फोटोंसह, फूटपाथवर बांबू रोवून. आणि हातचा उत्साह थंड व्हायच्या आत उड्डाणपुलाची मागणी पुढं करा. नागपुरात पूल आहेत, मग आपण काय पाप केलं? मेन लाइनवरून पूल गेला, की खाली दोन्हीकडे गाड्या लावायला सावलीही होईल. पुलाचं काम मात्र दोनतीन वर्षं चालेल, रस्ता इस्टँडपासून गुजरीपर्यंत खोदलेला राहील, आणि चारचाकी सोडा, पायी माणूसही तुमच्या दुकानापर्यंत पोचणार नाही. म्हणून व्यापाऱ्यांना नुकसानभरपाई मिळावी हा मुद्दा त्याच निवेदनात खाली घालून ठेवा, आणि सह्या घ्यायला आजच निघा. पायी निघा, गाडी काढली तर जागा जाईल.